प्रेस शॉपमधला पहिला महिना: नव्या कामगाराने काय पाहावं, काय विचारावं, कुठे थांबावं

माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीला वरचं पेर नाही. ते गेलं तेव्हा मला नोकरीला लागून एकोणीस दिवस झाले होते. भोसरीतलं छोटं वर्कशॉप, पायाच्या पॅडलवर चालणारी जुनी पिन क्लचची प्रेस, म्हणजे पत्रा दाबून कापणारं मशीन, आणि तिच्या डायमध्ये, म्हणजे साच्यात, अडकलेला एक वॉशर. डाय बसवणारा सेटर चहाला गेला होता. आधीच्या दोन आठवड्यांत जुन्या लोकांना असा अडकलेला पीस बोटाने उडवताना मी वीसदा तरी पाहिलं होतं. कुणाला तरी विचारावं असं मनात आलं. पण विचारलं तर म्हणतील, 'आयटीआय करून आलाय आणि एवढंही येत नाही.' म्हणून विचारलं नाही. पॅडलवर पाय नव्हता, तरी प्रेसचा वरचा जड भाग, रॅम, खाली आला.

आता मी आयटीआयमध्ये शिकवतो. दरवर्षी निकाल लागले की लातूर, बीड, परभणी, जुन्नर, खेडकडची मुलंमुली चाकण, रांजणगाव, तळेगाव, वाळूजच्या कंपन्यांत लागतात. 'सर, जॉइन झालो' असा फोन आला की आनंद होतो, आणि पुढचा महिनाभर मनात धाकधूक असते. तिला आधार आहे. टोरंटोच्या 'इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थ'च्या संशोधकांना असं आढळलं की कामाच्या पहिल्या महिन्यात दुखापतीचा धोका वर्षभर मुरलेल्या कामगाराच्या तिपटीहून जास्त असतो. वय कितीही असो. चाळिशीचा माणूससुद्धा नव्या मशीनवर नवाच. तरुणांचा धोका वेगळाही मोजला गेला आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ साली मांडलेल्या माहितीनुसार १५ ते २४ वयोगटात जीवघेण्या नसलेल्या दुखापतींचं प्रमाण मोठ्यांपेक्षा ४० टक्क्यांपर्यंत जास्त असतं.

हा लेख प्रेस शॉपचा आहे, कारण ते काम मी हाताने केलं आहे. पण मोल्डिंग, लेथ, पॅकिंग लाइन, कुठेही लागला असाल तरी यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

रुजू होण्याआधी: कागद

कामावर जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. तुम्ही नक्की कोण म्हणून लागताय? कंपनीचे कायम कामगार, ठेकेदाराचे कामगार, शिकाऊ कायद्याखालचे अप्रेंटिस, की नुसतेच 'ट्रेनी'? उद्या काही झालं तर उपचार आणि भरपाई कोण देणार, हे यावरच ठरतं.

दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराची राज्य कामगार विमा योजनेत, म्हणजे आपल्या बोलीतल्या 'ईएसआय'मध्ये, नोंद व्हायला हवी. नोंद झाली की दहा आकडी विमा क्रमांक मिळतो आणि ई-पेहचान कार्ड निघतं. पगारातून यासाठी ०.७५ टक्के कापतात. १५,००० पगार असेल तर महिन्याला ११३ रुपये. कामावर झालेल्या अपघातासाठी अमुक महिने वर्गणी भरलेली असावी अशी अट नाही. पहिल्या दिवशी दुखापत झाली तरी हक्क आहे. पण वाहन उद्योगातल्या जखमी कामगारांसोबत काम करणाऱ्या 'सेफ इन इंडिया' या संस्थेच्या 'क्रश्ड' अहवालांत पुन्हा पुन्हा दिसतं की कित्येकांचं कार्ड अपघात झाल्यानंतरच निघतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात विचारा: 'माझा विमा क्रमांक काय?' मिळाला की कार्डाचा फोटो घरी कुणाला तरी पाठवून ठेवा.

अप्रेंटिसचं गणित वेगळं. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली करार झालेल्या मुलाला ईएसआय लागू होत नाही. अपघात झाला तर भरपाई देण्याची जबाबदारी मालकावर असते, म्हणून करार सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवला आहे का ते बघा आणि त्याची प्रत घ्या. कराराशिवाय 'ट्रेनी' म्हणून ठेवलं असेल आणि ईएसआयही नसेल, तर तुम्ही दोन्हीकडून उघडे आहात. असं असेल तर पहिला पगार होईपर्यंतही थांबू नका, विचारा.

२१ नोव्हेंबर २०२५पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांनुसार प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र द्यावं लागतं. त्यावर तुमचं काम काय लिहिलंय ते वाचा. कागदावर 'हेल्पर' आणि प्रत्यक्षात प्रेसवर ऑपरेटर, हा प्रकार आपल्या पट्ट्यात सर्रास चालतो. तसं असेल तर मशीनचं प्रशिक्षण तुम्हाला मिळणारच नाही, कारण हेल्परला त्याची गरज नाही असं धरलेलं असतं.

आणि वय. अठरा पूर्ण नसताना आधार कार्डावर वय वाढवून घेणारे ठेकेदार आहेत. घरची अडचण मला कळते, पण खोट्या वयाने लागलेल्या मुलाला अपघातानंतर आपलं खरं नाव-वय सांगतानाही भीती वाटते. हे करू नका.

पहिली सकाळ

इंडक्शन म्हणून बऱ्याच ठिकाणी एका खोलीत बसवून व्हिडिओ दाखवतात आणि रजिस्टरवर सही घेतात. सही करण्याआधी दोन ओळी वाचा. 'मला मशीनचं प्रशिक्षण मिळालं आहे' असं लिहिलेलं असेल आणि मशीन अजून पाहिलेलंही नसेल, तर सरळ म्हणा, 'सर, मशीनवर शिकवल्यावर सही करतो.' नम्रपणे म्हटलं तर कुणी खात नाही.

मग शॉपमध्ये गेल्यावर पाय आधी कामाला लावा, हात नंतर. बाहेर पडायची दारं कुठे आहेत, त्यांच्यापुढे माल रचून ठेवलाय का, आग विझवायचं सिलिंडर, प्रथमोपचार पेटी, मेन स्विच. फोर्कलिफ्ट कुठून वळते तेही पाहा; वळणावर चालकाला समोरचा माल दिसतो, तुम्ही दिसत नाही. प्रथमोपचार पेटी उघडून बघा. रिकामी असेल तर ते आजच कळलेलं बरं.

शॉपमधल्या सगळ्यांत जुन्या माणसाची ओळख करून घ्या. सुपरवायझर बदलत राहतात; वीस वर्षं त्याच शेडमध्ये काढलेले एखादे काका असतात, त्यांना कुठल्या प्रेसची काय खोड आहे ते तोंडपाठ असतं. 'काका, या मशीनवर कुणाला लागलंय का आधी?' एवढं विचारलंत तर ते जे सांगतील ते कुठल्याच व्हिडिओत नसतं.

अंगावर काय हवं, काय नको

सेफ्टी शूज, कानात प्लग, पत्रा हाताळताना कट न होणारे हातमोजे. हे सगळं कंपनीने फुकट द्यायचं असतं. 'बूट महिना भरल्यावर मिळतील' असं सांगतात, आणि महिन्याभरात सोडून जाणारे खूप असतात म्हणून सांगतात. पण धोका त्याच महिन्यात सर्वांत जास्त. चपलेवर कामाला उभे राहू नका.

हातमोज्यांबद्दल एक गोष्ट उलटी आहे, ती नीट लक्षात घ्या. पत्र्याला हातमोजे हवेत, पण ड्रिल आणि लेथसारख्या फिरणाऱ्या मशीनवर हातमोजे नकोत. फिरता ड्रिल मोज्याचा धागा पकडतो आणि मोज्यासकट हात ओढून घेतो. मनगटातला कडा, देवाचा दोरा, श्रावणातली राखी, गळ्यातली माळ, मोकळी ओढणी, सगळ्यांचं तेच. श्रद्धा असते, दोरा तोडवत नाही. माझ्या वर्गातल्या मुलांना मी तो शिफ्टपुरता खिशात ठेवायला सांगतो. काढता येत नसेल तर गाठ सैल बांधून घ्या, म्हणजे काढता येईल.

प्रेसवर बसण्याआधी

इथे थोडं थांबून समजून घ्यावं लागेल.

मिनिटाला ६० स्ट्रोक मारणारी प्रेस एका सेकंदात वर-खाली जाते. म्हणजे रॅम खाली यायला अर्धा सेकंद. डोळ्यांनी पाहून हात मागे घेईपर्यंत त्यातला बराच वेळ गेलेला असतो. 'मी चपळ आहे' हा हिशोब इथे चालत नाही. हात डायमध्ये जाणारच नाही अशी व्यवस्था मशीनमध्येच असावी लागते.

म्हणून पहिला प्रश्न: ही प्रेस पिन क्लचची आहे की हवेवर चालणाऱ्या फ्रिक्शन क्लचची? पिन क्लचची प्रेस एकदा सुटली की पूर्ण फेरा मारूनच थांबते, मध्ये थांबवता येत नाही. त्यामुळे तिच्यापुढे लाइट कर्टनचा, म्हणजे प्रकाशाच्या पडद्यात हात आला की ओळखणारा, सेन्सर लावला तरी तो तुमचा हात वाचवू शकत नाही, कारण सेन्सरने सांगितलं तरी मशीन थांबणार कसं? शिवाय पिन किंवा स्प्रिंग झिजली की ती न सांगता दुसरा स्ट्रोक मारते. यालाच डबल स्ट्रोक म्हणतात, माझं पेर त्यातच गेलं. अशा प्रेसवर डायच्या भोवती पक्की जाळी हवी, पीस जाईल पण बोट जाणार नाही एवढीच फट ठेवलेली. जाळी नसेल तर बसू नका.

फ्रिक्शन क्लचची प्रेस मध्येच थांबू शकते. तिच्यावर टू-हँड बटण आणि सेन्सर उपयोगी पडतात, पण ते नीट असतील तरच. दर शिफ्टला पहिला पीस लावण्याआधी सेटरला सोबत घेऊन, डाय रिकामी असताना, हे करून पाहा.

फक्त डावं बटण दाबा. स्ट्रोक पडता कामा नये. मग फक्त उजवं. मग डावं दाबून धरा, दोन सेकंद थांबा आणि उजवं दाबा. तेव्हाही स्ट्रोक पडता कामा नये, दोन्ही जवळजवळ एकाच वेळी दाबली तरच पडावा. दोन्ही दाबून धरून ठेवली तर एकच स्ट्रोक पडावा, दुसरा नाही. सेन्सर तपासताना मध्ये हात घालू नका, लाकडी पट्टी घाला. शेवटी लाल मशरूम बटण दाबून मशीन खरंच बंद पडतं का ते बघा. सगळं मिळून दोन मिनिटं लागतात.

सेन्सर डायपासून किती लांब आहे तेही पाहा. हाताचा वेग सेकंदाला साधारण १.६ ते २ मीटर धरतात. मशीन थांबायला ०.२ सेकंद लागत असतील तर तेवढ्यात हात ४० सेंटिमीटरपर्यंत पुढे गेलेला असतो. पीस लावायला सोपं जावं म्हणून कुणी सेन्सर सरकवून वीत-दीड वीत अंतरावर आणला असेल, तर दिवा हिरवा दिसेल पण हात वाचणार नाही.

आणि बटणाची खुंटी. एका शॉपमध्ये मी पाहिलेली अजून डोळ्यांसमोर आहे: डाव्या बटणावर पेन्सिलीएवढा लाकडाचा तुकडा दाबून बसवलेला, वरून काळ्या इन्सुलेशन टेपचे चार वेढे. टेपची कड हाताळून हाताळून चिकट, मळकट झाली होती, म्हणजे ती कालची नव्हती. कितीतरी शिफ्टमधल्या माणसांनी ती पाहिली होती आणि एकाच हाताने मशीन चालवली होती. दुसरा हात मोकळा राहिला की पीस लवकर लागतात, टार्गेट होतं. मोकळा हात डायमध्येच जातो. असं काही दिसलं तर ते काढायला सांगा, आणि काढेपर्यंत त्या मशीनवर उभे राहू नका.

जॉब (पीस) अडकला तर

बोटं बहुतेक वेळा इथेच जातात. चालू लयीत सगळं ठीक असतं. लय तुटली की हात आपोआप पुढे जातो. म्हणून हात जाण्याआधी तोंडातून शब्द निघायची सवय लावा. मी मुलांना मोठ्याने 'अडकला!' म्हणायला लावतो. आवाज काढला की हात क्षणभर थांबतो, आणि शेजारच्यालाही कळतं.

त्यानंतर क्रम असा. पाय पॅडलवरून, हात बटणांवरून काढा. मशीन ऑफ करा. मोटर बंद झाली तरी प्रेसचं जड चाक, फ्लायव्हील, कितीतरी वेळ फिरत राहतं, त्यात साठलेल्या जोरावर एक स्ट्रोक सहज पडू शकतो. ते पूर्ण थांबेपर्यंत थांबा. सेटरला बोलवा. रॅमखाली सेफ्टी ब्लॉक लावल्याशिवाय डायमध्ये काहीही करू नये. ब्लॉक म्हणजे रॅम खाली येऊ न देणारा पक्का ठोकळा. विटा किंवा लाकडाचे ओंडके नव्हेत. पीस चिमट्याने किंवा मॅग्नेटने काढायचा. चिमटा ॲल्युमिनियमसारख्या मऊ धातूचा असेल तर चुकून दाबला गेला तरी डाय फुटून तुकडे उडत नाहीत.

डाय बदलताना किंवा दुरुस्ती चालू असताना मेन स्विचला ज्याचा हात आत आहे त्याचंच कुलूप हवं, आणि किल्ली त्याच्याच खिशात. 'मी इथेच उभा आहे, कुणाला चालू करू देत नाही' या आश्वासनावर हात घालू नका. उभ्या असलेल्या माणसाला फोन येतो.

अडकणं वारंवार होत असेल तर दोष डायमध्ये किंवा पत्र्यात आहे. तो डाय दुरुस्त करणाऱ्या टूलरूमने काढायचा, तुमच्या बोटांनी नाही.

'नाही' कसं म्हणायचं

हे सर्वांत अवघड आहे. तीन महिन्यांची नोकरी, खोलीचं भाडं, घरी पैसे पाठवायचे. सुपरवायझर म्हणतो, 'गाडी लागलीय, माल जायचाय, घाल हात पटकन.' अशा वेळी भांडून उपयोग नाही आणि गप्प राहूनही नाही. कामाला 'नाही' म्हणू नका, पद्धतीला म्हणा. 'सर, काम करतो, पण सेन्सर चालू करून द्या.' 'सर, ही प्रेस मला शिकवलेली नाही, काकांना दहा मिनिटं सोबत द्या, मग चालवतो.' माझ्या एका विद्यार्थिनीने दुसऱ्याच आठवड्यात हे म्हटलं होतं. सुपरवायझर चिडला, पण सेटरला बोलावलं. सेन्सरची वायर काढून ठेवलेली निघाली.

तोंडी ऐकलं नाही तर सेफ्टी ऑफिसर किंवा सुरक्षा समितीतल्या कामगार प्रतिनिधीला सांगा, शक्य असल्यास मेसेज करून, म्हणजे तारीख-वेळ राहते. नव्या संहितेनुसार गंभीर इजेची रास्त भीती असेल तर कामगाराला ते मालकाच्या आणि निरीक्षकाच्या लक्षात आणून देण्याचा हक्क आहे. महाराष्ट्रात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे. एकट्याने जायची भीती वाटत असेल तर तुमच्या आयटीआयच्या निदेशकांना फोन करा. आम्ही कंपनीशी बोलू शकतो, आणि बोलतो.

बाकीचे धोके, थोडक्यात

कॉम्प्रेसरच्या हवेने अंगावरची धूळ झाडू नका. मस्करीत कुणाच्याही अंगावर, विशेषतः मागून, हवेची नळी लावू नका. त्या दाबाची हवा शरीरात शिरली तर आतडं फाटतं. असे जीव गेलेले आहेत, आणि बहुतेक वेळा लावणारा मित्रच होता. कुणी लावत असेल तर हसू नका, नळी हातातून घ्या.

ग्राइंडरला गार्ड आणि डोळ्यांना चष्मा. चाकावर लिहिलेला आरपीएम मशीनच्या आरपीएमपेक्षा कमी असेल तर ते चाक लावू नका.

बारा तासांच्या पाळीत शेवटच्या दोन तासांत, आणि रात्री तीननंतर, हात चालतो पण लक्ष नसतं. ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो, तो मिळतोय का बघा. पण पहिल्या महिन्यात सलग दोन पाळ्या करू नका, पैसे कितीही लागत असले तरी.

अपघात झालाच तर

बोट तुटलं तर पहिलं काम रक्त थांबवणं. स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा, हात छातीच्या वर ठेवा. हळद, चहा पावडर, टूथपेस्ट काहीही भरू नका. एकाने १०८ला किंवा कंपनीच्या गाडीला बोलवावं, दुसऱ्याने तुटलेला भाग शोधावा. तो स्वच्छ पाण्याने हलकेच धुऊन, ओल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा. ती पिशवी बर्फ आणि पाणी असलेल्या दुसऱ्या पिशवीत ठेवा. बर्फ थेट बोटाला लागला तर पेशी मरतात आणि बोट जोडता येत नाही. मायक्रोसर्जरीची सोय असलेलं रुग्णालय जवळ कोणतं, हे शॉपमध्ये आधीच लिहून लावलेलं असावं. नसेल तर तुम्ही शोधून ठेवा.

जखमीच्या सोबत शॉपमधल्या माणसाने जावं. डॉक्टर विचारतात, 'कसं लागलं?' तेव्हा 'घरी लागलं', 'गाडीवरून पडला' असं सांगायला लावणारे असतात. केसपेपरवर एकदा ते लिहिलं गेलं की पुढे कामावरचा अपघात म्हणून सिद्ध करणं फार जड जातं. मशीनचं नाव, वेळ, काय झालं ते खरं सांगा. कारखान्याच्या अपघात नोंदवहीत नोंद झाली का आणि ईएसआयला अपघात अहवाल गेला का ते घरच्यांनी विचारावं. शक्य असेल तर मशीनचा, बटणांचा, सेन्सरचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.

ईएसआय असेल तर कामावर जाता येत नाही तोपर्यंत पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळते. कायमचं अपंगत्व राहिलं तर वैद्यकीय मंडळ टक्केवारी ठरवतं आणि त्यावर दर महिन्याची रक्कम बसते. कायद्याच्या परिशिष्टात बोटांचे दर छापलेले आहेत: अंगठा गेला तर ३० टक्के, पूर्ण तर्जनी १४, मधलं बोट १२, करंगळी ७. तर्जनीचं एकच पेर असेल तर ९. मंडळाने लावलेला आकडा कमी वाटला तर तीन महिन्यांच्या आत अपील करता येतं. त्यासाठी मंडळाच्या निर्णयाची प्रत लागते, ती मागून घ्या आणि तिच्यावरची तारीख लिहून ठेवा. शर्टाचं बटण लावता येतं का, नटाला बोल्ट लावता येतो का, हेही मंडळासमोर करून दाखवा. मी दाखवलं नव्हतं.